रविवारच्या गाडीत धरलेली जागा

बोरमाळ, २४ ऑगस्ट

निके, माझी बाय,

फोन कशाला करतीस गं? मला निस्तं "हॅलो हॅलो" ऐकू येतंय, आन् शेजारची मालनबाई म्हन्ती, अख्ख्या आळीला कळलं तुमच्या भाचीनं आज काय खाल्लं ते. माझ्या कानांनी रजा घेतलीया. त्यापरीस चिठ्ठी बरी. सातवी पास हाय मी, अक्षर तुझ्यापेक्षा देखनं हाय. मुक्कामी गाडीचा मच्छिंद्र कंडक्टर तुला नगरच्या स्टँडवर गाठून देईल. तू बी उत्तर त्याच्याच हाती दे. तिकीट न्हाई, पोस्ट न्हाई, काही न्हाई.

आत्ता दिवस मावळतोय. समोर लिंबाखाली गाडी येऊन उभी राहिलीया. आज ड्रायव्हर-कंडक्टरला जेवू घालायची पाळी आपल्या घरची, म्हनून पिठलं टाकलंय. रामहरी ड्रायव्हर वट्ट्यावर पाय सोडून बसलाय. गाडी गार व्हताना आतनं टिक टिक वाजती बघ, तू ल्हान असताना म्हनायचीस, आत्या, गाडी दात खाती. आता आपली ज्ञानेश्वरी तिच्या नाकाडावर हात ठेवून म्हन्ती, आजी, अजून ऊन हाय गं हिच्या आत. मालनबाईचं वासरू रोज गाडीखाली जाऊन बसतंय. सकाळी त्याला उठवल्याबिगर गाडी निघत न्हाई.

आता कामाचं. मच्छिंद्र म्हनला, वरून कसला तरी अहवाल आलाय, रिकाम्या चालनाऱ्या गाड्या बंद करनार, त्यात बोरमाळचं नाव हाय. मी म्हनलं, आमची गाडी आन् रिकामी? सकाळी सहाला पोरं दारात लोंबकळत्यात! पर माझ्या भिमाजीनं, ज्ञानेश्वरीच्या बापानं, ऐकलं आन् लगेच बोलला, गाडी बंद झाली तर पोरीला मिरजगावला कॉलेजात चालत धाडू का? दसरा झाला की आमच्यासंग तोडीला येईल, एक हात वाढंल. त्याचा राग धरू नगंस. नवरा-बायको दोघं सहा महिनं ऊस तोडत्यात, त्याला बी रस्त्यानं एकटी चालनारी पोर डोळ्यापुढं दिसत आसंल. पर निके, तोडीला गेलेली पोर परत कॉलेजात आलेली मी तरी बघितली न्हाई. ती थेट मांडवात जाती. अकरावीत हाय, नर्स व्हायचं म्हन्ती. माझी नाडी बघती आन् घड्याळ नसताना म्हन्ती, बरोबर हाय.

तू तसल्याच आकड्याच्या हापिसात हायस न्हवं? बघ की जरा. आन् रविवारी दुपारी दोनला जी गाडी मी अर्ज करून आनली, ती तर काय सांगू, गच्च भरून जाती. हे बी सांग त्यांना.

तुझी
पुष्पा आत्या


नगर, २७ ऑगस्ट

आत्या गं,

मच्छिंद्रदादांनी चिठ्ठी दिली आणि वर भाजलेल्या शेंगांची पुडीही. निम्म्या त्यांनीच खाल्ल्या होत्या, तसं कबूल केलं. चिठ्ठी स्टँडवरच उभ्यानं वाचली, आणि मग बाकावर बसून परत वाचली.

तो अहवाल आमच्याच ऑफिसनं केलाय. आगारं आम्हाला आकडे पाठवतात, आम्ही हिशोब करून परत देतो. आणि आत्या, त्या गावांची यादी संगणकात मी भरलीय. मी स्वतः. इतकी गावं होती की नावं नुसती खिडकीतल्या झाडांसारखी सरकत होती. एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातानं मी बोरमाळ ओलांडून पुढे गेले. थांबलेसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटली.

आज पुन्हा उघडून बघितलं. गाडीतल्या शंभर जागांपैकी सरासरी किती भरतात, त्याला भारमान म्हणतात. पन्नासच्या खाली गेलं की गाडी बंद. बोरमाळचं आलंय पंचेचाळीस. एक ऑक्टोबरपासून बंद करायचं ठरतंय. म्हणजे दसऱ्याच्या तोंडावरच. भिमाजीदादाला आयतंच कारण.

पण तू म्हणतेस सकाळी पोरं लोंबकळतात. मलाही आठवतंय ना, सुट्टी संपवून परत यायचे तेव्हा पिशवी डोक्यावर धरून उभी असायचे. मग पंचेचाळीस आले कुठून? मी प्रत्येक फेरीचे वेगळे आकडे आगाराकडून मागवलेत. रविवारची गाडी जर खरंच इतकी भरून जात असेल, तर तीच आपल्याला वाचवेल. तेवढं नीट लिहून पाठव, रविवारी कोण कोण असतं. नावानिशी. मी साहेबांपुढे ठेवीन.

ज्ञानेश्वरीला सांग, पुस्तक मिटू नकोस.

तुझी निकी


बोरमाळ, ३० ऑगस्ट

निके,

कोन कोन असतं म्हून विचारलंस. घे लिहून.

दोन वाजता ऊन कसं असतं तुला ठाऊक हाय. गावात कुत्रं भुकत न्हाई. तूर बी मान खाली घालून निजलेली असती. आन् त्या निजेतनं गाडी येती, धुळीच्या पडद्यातनं आधी नुसती काच चमकती. मी चढते. पुढच्या बाकावर आक्काबाई, मांडीवर कोंबडी फडक्यात बांधलेली, तिला सारखी म्हन्ती, गप की गं, आलंच मिरजगाव. तिच्या मागं बनुबाई, पानाची चंची उघडून बसलेली. मधल्या बाकांवर वऱ्हाड. नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्यानं उडत्यात आन् करवली धरती. मागल्या लांब बाकावर वाजंत्री, सनई फडक्यात गुंडाळलेली, पर एक जन बोटानं पत्र्यावर ताल धरतो. भिमाजी बी असतो, पाच वर्षांचा, खिडकीतनं मुंडकं बाहेर. मी वरडते, आत घे मेल्या!

आन् गाडी अशी डुलती, अशी डुलती, की तळ्याच्या कडंनं जाताना वाटतं पान्यावरनंच चाललीया.

एवढी मानसं पुरं व्हतील का? अजून लिहू का?

ज्ञानेश्वरी आज वर्गात पयली आली. इंजेक्शन कुठं टोचायचं ते मला सांगत हुती, मी म्हनलं, लांब हो.

पुष्पा आत्या


नगर, ३ सप्टेंबर

आत्या,

तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा डोळे मिटून त्या गाडीत बसून आले. तिसऱ्यांदा मात्र हात थांबला.

आक्काबाई मी नववीत असताना गेली, आत्या. आपण दोघी तिच्या तेराव्याला गेलो होतो. आणि भिमाजीदादाला तर आता कॉलेजात जाणारी मुलगी आहे.

आगाराचे आकडे आले. सकाळच्या गाडीचं भारमान सहासष्ट. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीचं बासष्ट. म्हणजे तू म्हणत होतीस ते बरोबरच, दोन्ही भरून चालतात. आणि रविवारच्या दुपारच्या गाडीचं सात. चव्वेचाळीस जागांची गाडी आणि त्यात माणसं तीन. कधी तर एकच.

अहवालात या तिन्हींची बेरीज करून तिनानं भागलंय, ते होतं पंचेचाळीस. रविवारची ती फेरी नसती तर चौसष्ट आले असते आणि कुणी बोरमाळकडे बघितलंही नसतं. हे लिहिताना मला कसंतरी होतंय, कारण त्या फेरीसाठी तू आगाराच्या किती पायऱ्या झिजवल्यास ते मला माहीत आहे. पण तुझ्यापासून लपवून काय करू? तुझी रविवारची गाडी ज्ञानेश्वरीच्या गाडीला खाली ओढतेय.

मी रागावले नाही गं. फक्त सांग, रविवारी त्या गाडीत कोण असतं?

निकी


बोरमाळ, ७ सप्टेंबर

निके,

धरलंस मला. लबाडी पचली न्हाई म्हातारीची.

सांगते. तुझे मामा, म्हंजे आमचे मालक, जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांना एकच नाद हुता, गाडीत जागा धरायचा. गाडी अजून थांबायची हाय तवर हे बाजूनं पळत जायचे आन् खिडकीतनं रुमाल आत टाकायचे. बरोबर खिडकीच्या शीटवर पडायचा. मग गर्दीतनं मला म्हनायचे, "सावकाश चढ, जागा धरलीया." लगीन झाल्यावर पयल्यांदा गाडीत बसले तेव्हापासनं मी कधी घाई करून चढले न्हाई. सगळ्या बाया रेटारेटी करायच्या, मी आपली रानीसारखी मागनं. लई गुर्मी हुती मला त्या रुमालाची.

ते गेल्यावर मी सकाळच्या गाडीला गेल्ते एकदा. गर्दीत उभी राहिले आन् कुनी जागा दिली न्हाई म्हून न्हाई, पर मला रडू फुटलं. मग आगारात गेले. साहेब म्हनला, रविवारी दुपारी कोन येनार आजी? मी म्हनलं, अख्खं गाव. खोटं बोलले. पर त्यानं ऐकलं.

तेव्हापासनं रविवारी मी त्यांचा रुमाल घिऊन जाते. खिडकीतनं आत टाकते, मग चढते, आन् रुमालाशेजारी बसते. मच्छिंद्र पयल्या दिशी म्हनला, आजी, सगळी गाडी रिकामी हाय, जागा कुनाची धरता? मी रुमालाची घडी सरळ केली. तवापासनं त्यानं परत कधी विचारलं न्हाई. गाडी हालली की मला पेंग येती. डोळं मिटलं की एकेक जन चढायला लागतं. आक्काबाई, बनुबाई, वऱ्हाड. आन् शेवटाला हे. मिरजगाव येईस्तवर बसत्यात. काय बोलत न्हाईत, जिवंतपनी तरी कुठं बोलायचे! म्हून मी तुला लिवलं गाडी भरती. आगाराला ती मोजता येत न्हाईत त्याला मी काय करू?

पर निके, तुझी चिठ्ठी वाचली आन् समोर ज्ञानेश्वरी वट्ट्यावर हाडांची चित्रं काढत बसली हुती. मेलेल्या मानसाची जागा धरून मी जित्या पोरीची जागा घालवाय निघाले हुते की गं! काल सकाळी सहाच्या गाडीनं उभी राहून गेले, आगारात अर्ज दिला, रविवारची दुपारची फेरी आमच्या गावाला नको, बंद करा. त्याच साहेबानं वाचलं. म्हनला, आजी, तुमीच मागितली हुती की. मी म्हनलं, व्हय, आता मीच परत करते.

आता तरी पोरीची गाडी वाचंल न्हवं? एवढंच कळव.

तुझी आत्या


नगर, ९ सप्टेंबर

आत्या, आत्या, आत्या!

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला धीर नाही. मच्छिंद्रदादा दोन दिवस दिसले नाहीत, म्हणून ही चिठ्ठी रामहरीकाकांच्या हातात देतेय.

काल दुपारी जेवून टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. स्वप्नात मी लिंबाखाली उभी होते, मालनबाईचं ते वासरू माझ्या ओढणीचं टोक चघळत होतं. आणि गाड्या येत होत्या. सकाळची गाडी, भरलेली, पोरं दारात. मग संध्याकाळची, भरलेली. परत सकाळची. परत संध्याकाळची. एक गेली की धुळीतून दुसरी, अख्खा महिना माझ्यापुढून चालला होता. मी रविवारच्या रिकाम्या गाडीची वाट बघत होते आणि ती येतच नव्हती. किती वेळानं आली बाई एकदाची, हळू, खिडक्या उघड्या, आणि गेली. परत भरलेल्या गाड्यांची रांग. स्वप्नातच मी वासराला म्हटलं, अरे, ही तर कधीतरीच येते!

दचकून उठले. गालावर कीबोर्डचे वळ होते. पण चूक सापडली होती, आत्या.

सकाळची गाडी महिन्यातून तीस वेळा धावते. संध्याकाळचीही तीस. रविवारची फक्त चार वेळा. आणि आम्ही तिघींना एकाच तराजूत सारख्या घालून तिनानं भागलं! आधीच प्रत्येकीची सरासरी, मग त्या सरासरींची परत सरासरी. तुझ्या गोठ्यातलं सांगते. बादलीभर दूध घट्ट आहे आणि तांब्याभर दूध पाणचट. दोन्ही एकत्र ओतलं तर दूध घट्टच राहणार ना? आम्ही मात्र ओतून बघितलंच नाही. बादलीला एक मत दिलं, तांब्यालाही एक मत दिलं, आणि म्हणालो, दूध निम्मं पाणचट.

सगळ्या फेऱ्या एकत्र ओतल्या, आत्या. येतात साठ. साठ! पन्नासच्या किती वर!

साहेबांना दाखवलं. आधी म्हणाले, तीन ओळी आहेत तर तिनानंच भागणार ना मॅडम. मी म्हटलं, सर, ओळी गाडीत बसत नाहीत, माणसं बसतात. मला माहीत नाही एवढा आवाज माझ्यात कुठून आला, बहुतेक तुझ्याकडून. मग त्यांनी स्वतः करून बघितलं. अहवाल परत मागवलाय.

आणि ऐक, सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या चिठ्ठीत मी लिहिलं ते चुकीचं होतं. तुझ्या रविवारच्या गाडीनं कुणालाही पन्नासच्या खाली ओढलेलं नाही. आगार सगळ्या फेऱ्यांचं मिळून बघतं आणि ती धरूनही साठ आहेत. ती राहू दे. तिच्यात कोण बसतं ते मला सांगू नकोस, मी विचारायलाच नको होतं. खुशाल जा, आक्काबाईला नमस्कार सांग.

तुझी निकी


बोरमाळ, १५ सप्टेंबर

अगं बया!

म्हंजे माझी गाडी उगीच गेली की!

रामहरीनं तुझी चिठ्ठी दिली आन् मी वाचली, आन् मला आधी काय कळंना, मी ७ तारखेला लिवलेलं तुला पोचलंच न्हाई का काय? मग कळलं. मच्छिंद्र तापानं पडलाय, माझी चिठ्ठी त्याच्या चामडी पिशवीत तशीच हाय. त्याची बायको काल घिऊन आली, आन् तापात नवरा असताना पेज मलाच पाजून गेली, उलटंच सगळं. ती चिठ्ठी ह्यासोबत धाडते. आधी ती वाच, मग ही वाच.

वाचलीस? रडू नगंस. मी बी आधी रडले, मग हसले. आन् आत जाऊन वरणात मीठ दोनदा टाकलं. ज्ञानेश्वरी म्हन्ती, आजी, आज काय झालंय तुला? मी म्हनलं, मी शहानी झालीया गं, लई शहानी.

तुझी चूक न्हाई. तू खरं ते लिवलंस. आन् मी बी काय घाई केली! दोन दिस थांबले असते तर? पर पोरीच्या बाबतीत दोन दिस थांबायला मी काय दगड हाय? रुमाल टाकायला येळ लावला तर जागा जाती, हे बी त्यांनीच शिकवलं हुतं.

आगारात जाऊन बघ, अर्ज मागं घेता आला तर. न्हाई आला तर न्हाई आला. पोरीची गाडी ऱ्हायली न्हवं? ते पक्कं कळव. भिमाजीला तेच दाखवायचंय.

आत्या


नगर, २२ सप्टेंबर

आत्या,

दोन्ही चिठ्ठ्या एकदम वाचल्या. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचल्या. रडू नकोस म्हणालीस, पण ते माझ्या हातात नव्हतं. मामा खिडकीतून रुमाल टाकायचे हे मलाही आठवलं. एकदा तो माझ्या तोंडावर पडला होता, तंबाखूचा आणि उन्हाचा वास.

आधी पक्की बातमी. नवा अहवाल गेला. बोरमाळची सकाळची आणि मुक्कामी गाडी कायम. आगाराच्या शिक्क्याचा कागद सोबत आहे, भिमाजीदादाच्या हातात दे आणि म्हणावं, आता बोल.

आता दुसरी बातमी. मी आगारात दोनदा गेले. तुझा अर्ज मंजूर झालाय. साहेब चांगले आहेत, पण म्हणाले, गावानंच लिहून दिलं, गाडी मी दुसरीकडे लावली, आता मागे कशी घेऊ? रविवारी ती दुपारची गाडी आता शिर्डीला जाते. मी मागच्या रविवारी स्टँडवर मुद्दाम बघायला गेले होते. गच्च भरली होती. हारवाले, लेकुरवाळ्या बाया, कुणीतरी खिडकीतून पिशवी टाकत होतं. मी बघत राहिले. तुझ्या आक्काबाई आणि वऱ्हाड आता कुठं बसले असतील कोण जाणे.

अजून एक सांगते, मनाला लागलंय. हिशोब बरोबर केला तशी बोरमाळसारखी काही गावं वाचली. पण एका गावाची गाडी जाणार. त्यांची आठवडे बाजाराची एकच फेरी खचाखच, बाकी रोजच्या रिकाम्या. आधीच्या चुकीच्या हिशोबात ते गाव तरून गेलं होतं, आता पन्नासच्या खाली आलं. तिथंही कुणी ज्ञानेश्वरी असेल ना गं? मी साहेबांना म्हटलं, नुसता आकडा पाठवायचा नाही, खाली लिहायचं, या गाडीनं किती मुली शाळेत जातात. त्यांनी डोकं खाजवलं, पण लिहू दिलं. बघू काय होतं.

तुझी रविवारची गाडी माझ्यामुळे गेली. तू काहीही म्हण.

निकी


बोरमाळ, ७ ऑक्टोबर

निके, माझी शहानी बाय,

दसरा झाला. भिमाजी आन् सूनबाई परवा तोडीला गेले. ट्रॅक्टरात भांडीकुंडी, अंथरुनं, वर कोंबड्यांची पाटी. शिक्क्याचा कागद त्यानं दोनदा वाचला, मग घडी घालून माझ्याकडं दिला. ट्रॅक्टरावर चढताना ज्ञानेश्वरीला निस्तं एवढंच म्हनला, "गाडी चुकवू नगंस." पोरगी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हायली. मी तिला हाक मारली न्हाई.

रविवारी दोन वाजता मी आपली सवयीनं लिंबाखाली जाऊन बसले. रुमाल मांडीवर. ऊन तसंच, धूळ तशीच. गाडी काय आली न्हाई. बसल्या बसल्या पेंग आली, म्हनलं, आता येत्याल एकेक. कुनी आलं न्हाई गं. गाडीच न्हाई तर ते चढत्याल कुठं? मी उठले, पदर झटकला आन् घरी आले. त्या रात्रीचं जेवन गेलं न्हाई, खोटं कशाला सांगू.

मग काल सोमवारी मी ज्ञानेश्वरीसंग सकाळच्या गाडीला गेले. म्हनलं, बघू तर खरं तुझे ते सहासष्ट. सहा वाजले, थंडी नुकती पडाय लागलीया, वासरू उठायला तयार न्हाई, रामहरी त्याच्या पाठीवर थापा मारतोय. मच्छिंद्र बरा होऊन आलाय, जरा उतरलाय. आन् गाडीच्या दाराशी ही गर्दी! पोरं, दूधवाले, मालनबाई, सगळे एकमेकांच्या अंगावर. मला काय झालं कुनाला ठावं, मी बाजूनं गेले, हात वर केला आन् खिडकीतनं रुमाल आत टाकला. जित्या मानसांच्या गाडीत! लाज वाटली मागनं. पर तो बरोबर शीटवर पडला बघ, त्यांचाच हात असल्यागत.

सावकाश चढले. रुमालाशेजारी बसले. सगळी उभी मानसं त्या रुमालाकडं बघायला लागली. एक जन म्हनला, आजी, हितं कोन हाय का? मच्छिंद्र माझ्याकडं बघत हुता. तिकिटाचं यंत्र त्याच्या हातात तसंच. त्याला वाटलं मी आता काय बोलनार. मला बी ठाऊक न्हवतं. मी डोळं मिटलं जरा वेळ. निके, कुनी आलं न्हाई. निस्ता पोरांचा दंगा, दुधाच्या किटल्यांचा आवाज, आन् ज्ञानेश्वरी माझ्या डोक्यावरच्या दांड्याला धरून मनातल्या मनात हाडांची नावं पाठ करत हुती.

मी म्हनलं, "व्हय, हाय." आन् रुमाल उचलला. तिला म्हनलं, "बस गं. जागा धरलीया."

ती बसली. तळं यायच्या आधीच माझ्या खांद्यावर मान टाकून निजली. सकाळी लवकर उठती, पानी भरती, भाकरी थापती, मग अभ्यास. वारं गार हुतं म्हून रुमाल मी तिच्या अंगावर टाकला. तळ्याच्या कडंनं गाडी डुलली. मला पेंग आली न्हाई. मी जागीच ऱ्हायले आन् सगळ्यांची तोंडं बघत बसले. किती मानसं हायेत गं गावात! मला वाटायचं, सगळी गेली.

तू दिवाळीला ये. आन् ते माझी गाडी घालवली, घालवली, रडगानं आता बंद कर. परत जाताना सकाळच्या गाडीला गर्दी लई असती, पर तू घाई करू नगंस. सावकाश चढ. रुमाल मी टाकते.

तुझी
पुष्पा आत्या